भायली

१

आमच्या बंदरात जहाजांचा कचरा घ्यायला सुरुवात झाली ती १९८९ साली. त्याआधी कातळवेळला जहाजं यायची ती फक्त लोखंडाची माती न्यायला. मोठी जहाजं खाडीत शिरू शकत नाहीत. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहतात आणि बार्ज धक्क्यावरून माती भरभरून त्यांच्याकडे नेतात. उभ्या उभ्या ही जहाजं इंजिनाखाली साचलेलं तेलकट पाणी समुद्रात सोडून द्यायची. स्वयंपाकघरातला कचरा तर सरळ कठड्यावरून खाली. मग किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागायच्या, रापणीची, किनाऱ्यावरून ओढायची, जाळी चिकटून जायची आणि रापणकर कंपनीच्या ऑफिसात येऊन भांडायचे. शेवटी नियम आले. जहाजाची घाण बंदरानं उतरवून घ्यायची, तिची विल्हेवाट लावायची.

कंपनीनं धक्क्याच्या टोकाला पत्र्याची लांबलचक शेड बांधली. तेलकट पाण्यासाठी दोन टाक्या, चिंध्या जाळायला भट्टी, आणि ओल्या कचऱ्यासाठी वर सड्यावर, कातळाच्या माळावर, चुन्याचा खड्डा. या सगळ्यावर देखरेख करायला माणूस हवं होतं. मी केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालेली, कंपनीच्या प्रयोगशाळेत मातीतला ओलावा तपासत बसायची. साहेब म्हणाले, "सुनीतीबाई, तेवढं तुम्हीच बघा." मी हो म्हटलं. घरी सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, नाकाला पदर लावला. "बामणाची सून आणि लोकांची घाण काढतली!" नवरा, सदानंद, हायस्कुलात मराठी शिकवायचा. तो हसला आणि म्हणाला, "पृथ्वीवरच्या सगळ्या देशांची घाण आहे, माई. एवढं जग आपल्याला कुठं बघायला मिळणार?"

तसं ते खरंच होतं. महिन्याभरात मी कचऱ्यावरून जहाज ओळखायला लागले. कोबीच्या पानांचा ढीग आणि मिरचीचा वास आला की कोरियाचं. पिळलेली लिंबं आणि कॉफीचा गाळ आला की ग्रीक. बटाट्याच्या साली आणि काळी तंबाखू रुमानियाची. माझ्या हाताखाली दोघं होती. भिकाजी तांडेल, जो लाँच घेऊन जहाजाला लागायचा आणि कचऱ्याच्या गोणी आणायचा. आणि सुगंधा, जी शेडमध्ये काच, पत्रा, चिंध्या वेगळ्या करायची. दुपारी आम्ही तिघं टाकीच्या सावलीत डबे खायचो. वासाची सवय होते. आठवड्याभरात नाक मरतं.

२

पावसाळ्यात बंद असलेलं बंदर दसऱ्यानंतर उघडलं तेव्हा ते जहाज आधीच तिथं उभं होतं. इतर जहाजांपासून बरंच लांब, क्षितिजाकडे. माती न्यायला आलं नव्हतं. मालक बदललाय, कागदपत्रांचा घोळ आहे, निकाल लागेपर्यंत उभं राहणार, असं एजंट म्हणाला. मागच्या बाजूला लिहिलेलं नाव गंजानं खाल्लं होतं. लांब उभी म्हणून भिकाजी तिला भायली म्हणायचा. भायली, म्हणजे बाहेरची. तेच नाव पडलं.

भायलीच्या पहिल्या गोणी आल्या त्या दिवशी सुगंधानं मला हाक मारली.

"बाईनू, हयसर येवा. ह्यो कचरो बघून माका भूक लागली."

मी गेले. फरशीवर गोण ओतलेली होती. नारळाचा पिळून काढलेला चोथा. कोकमाची सोलं. बांगड्याचे काटे, आणि एका बाजूला तिरफळाच्या बिया.

"ह्या जहाजावर कोण तरी आमच्यापैकी आसा," सुगंधा म्हणाली. "बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां घालूक गोऱ्याक खंय कळता?"

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. जगातल्या निम्म्या जहाजांवर स्वयंपाकी गोव्याचा किंवा आपल्याकडचा असतो. मी तसं म्हणाले. सुगंधानं मान डोलावली आणि सोलं एका बाजूला सारली.

"काय रे भिकाजी, बघितलंस स्वयंपाक्याला?" मी विचारलं.

भिकाजी दोर गुंडाळत होता. "नाय, बाईनू. जाळा खाली इला, पायप खाली इलो. पण वर माणूस म्हणशात तर एक दिसाक नाय. मी हाक मारलंय. कोणी वाकान बघूक सुद्धा नाय."

"उन्हाचे आत असतील."

"असतले," तो म्हणाला.

३

तेलकट पाणी टाकीत घेतलं की मी बाटलीत नमुना घ्यायची. बाटली खिडकीत ठेवली की तासाभरात तेल वर येतं, पाणी खाली राहतं, मधे एक गढूळ पट्टा असतो. वरचं तेल किती ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. यात विचार करण्यासारखं काही नसतं. म्हणूनच मला ते काम आवडायचं.

भायलीच्या बाटलीत तेल फार थोडं होतं. खालचं पाणी पांढुरकं दिसत होतं, साबणाचं असावं तसं. मी बूच काढलं आणि वास घेतला.

शिकेकाई.

मी बाटली खाली ठेवली, खिडकी उघडली, बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभी राहिले आणि परत येऊन वास घेतला. शिकेकाई, आणि तिच्याखाली खोबरेल तेलाचा, तापलेल्या डोक्याचा वास. रविवारी सकाळी न्हाणीघरात शुभीला न्हायला घालताना येतो तोच.

शुभदा माझी मुलगी, आम्ही तिला शुभी म्हणतो. पहिलीत होती तेव्हा. केस जेमतेम खांद्यापर्यंत.

मी स्वतःलाच समजावलं. आदल्याच दिवशी रविवार होता. वास माझ्याच हाताला असणार. मी कार्बोलिकच्या साबणानं हात धुतले, बाटली नाकाशी न नेता ओतून दिली आणि आकडा लिहिला.

पुढच्या खेपेला वास घेतला नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही.

४

जहाजाच्या इंजिनघरात पुसापुशीला चिंध्या लागतात. त्या गठ्ठ्यानं विकत घेतात. जुने कपडे, गिरणीतले तुकडे, कुठल्या कुठल्या देशांतून आलेले असतात. काळ्याकुट्ट झाल्या की आमच्याकडे येतात आणि भट्टीत जातात.

भायलीच्या चिंध्यांच्या गोणीत एक फ्रॉक निघाला. तेल लागलेला नव्हता. धुऊन, घडी करून ठेवलेला.

"ह्यो जाळूचो?" सुगंधानं विचारलं. तिनं तो माझ्यासमोर उलगडून धरला.

फिकट पिवळ्यावर निळ्या छत्र्या. धुवून धुवून विटलेला, खांद्याशी विरलेला. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. खालची पट्टी दोनदा उसवून लांब केलेली, जुन्या घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या.

मी तो घेतला आणि पिशवीत टाकला. 

घरी आल्यावर मी हातपायही न धुता ट्रंक उघडली. मे महिन्यात मालवणला माहेरी गेले होते तेव्हा शुभीच्या दिवाळीच्या फ्रॉकला कापड घेतलं होतं. ते तळाशी होतं, दुकानाच्या कागदात, सुतळी बांधलेलं. मी सुतळी सोडली. पिवळ्यावर निळ्या छत्र्या. कात्री न लागलेलं, खळीचा कडकपणा तसाच.

सदानंद मागे येऊन उभा राहिला होता. मी त्याला फ्रॉक दाखवला, कापड दाखवलं.

"मग?" तो म्हणाला. "गिरणी काय तुझ्या एकटीसाठी कापड काढते? हजारो वार निघतं, देशभर जातं. कुणीतरी वापरून टाकलं, चिंध्यावाल्यानं घेतलं, जहाजावर गेलं."

"हे कापड या वर्षी आलंय. दुकानदार म्हणाला, नवीन डिझाईन आहे. आणि हा फ्रॉक वर्षानुवर्षं घातलेला आहे."

"दुकानदार तेच म्हणणार ना. जुना माल होता म्हणून सांगेल तो?"

हे पटण्यासारखं होतं. मला बरंही वाटलं. मी फ्रॉकची घडी घालायला लागले आणि तेव्हा माझं लक्ष शिवणीकडे गेलं.

फ्रॉक मशीनवर शिवलेला नव्हता. हातानं शिवला होता, आणि शिवणकाम न येणाऱ्या माणसानं. टाके लांब, सरळ, सारखे. सुई एकदा इकडून, एकदा तिकडून त्याच भोकातून काढलेली. प्रत्येक टोकाला दुहेरी गाठ. असे टाके कपड्याला कुणी घालत नाही.

सदानंदला पुस्तकं बांधायचा नाद आहे. शाळेतली फाटकी पुस्तकं घरी आणतो, पडवीत बसून जाड दोऱ्यानं शिवतो.

मी त्याच्या हातात कापडाचा एक तुकडा दिला, सुई दिली. "दोन कडा जोड," म्हणाले.

"मला कुठं येतं?"

"येईल तसं जोड."

तो हसत बसला, दिव्याजवळ. थोडं शिवलं आणि त्याचं हसणं थांबलं. त्यानं आपला तुकडा फ्रॉकच्या बाहीशेजारी ठेवला. आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो. माई आतून हाका मारत होत्या, पानं घेतली म्हणून.

"सगळे बांधणीवाले असेच टाके घालतात," तो अखेर म्हणाला. पण त्यानं फ्रॉक परत माझ्या हातात दिला नाही. स्वतःच मागल्या दारी नेऊन चुलीत घातला.

५

त्यानंतर मी भायलीचा कचरा स्वतः बघायला लागले. सुगंधा गोण ओतायची आणि मी काठीनं पसरायची. असं करू नये हे मला कळत होतं. तरी करायची. त्यात शाळेच्या पाटीवरची पेन्सिल असायची, झिजून नखाएवढी झालेली. सर्दीच्या काढ्याचा चोथा असायचा. दाढीची पाती, कागदात गुंडाळलेली. सदानंद पाती तशीच गुंडाळून टाकतो, कचरा काढणाऱ्याच्या हाताला लागू नयेत म्हणून. पण तशी तर बरीच माणसं टाकतात.

एकदा करपलेला भात आला, पातेल्याच्या आकाराचा. सुगंधा तो काठीनं उलटत म्हणाली, "बाईनू, एक सांगू?"

"सांग."

"ह्या घरात बाईलमाणूस नाय."

घर म्हणाली ती. जहाज नाही.

"जहाजावर कशी असणार बाई?" मी म्हणाले.

"चेडू आसा," ती म्हणाली. "बापूस आसा. पयली एक म्हातारी होती, तिचा कुटलेला पान येय. आता तां येणा नाय. पण बाईलमाणूस नाय. मोठ्या बाईच्या केसांचो गुंतो कधी गावाक नाय, कांकणाची काच गावाक नाय. चेडवाचे केस पण बापूसच विंचरता असतलो. दात तुटलेली फणी येता, बघा. पुरुषाच्या हाताक अंदाज नसता."

मी काठी ठेवून दिली आणि बाहेर आले. समुद्र अगदी सपाट होता. भायली तिच्या जागेवर उभी होती, धूर नाही, हालचाल नाही. डोळ्यांवर हात धरून मी तिच्याकडे बघत राहिले.

बाप होता, मुलगी होती, आणि माझ्या सासूसारखी पान कुटणारी एक म्हातारी होती जी आता नव्हती. मी कुठं होते?

आणि मग वाटलं, हा प्रश्न मी का विचारतेय. मी इथं आहे. धक्क्यावर उभी आहे, टाकीचा पत्रा हाताला चटका देतोय. मी शिकलेली बाई आहे. कुणा परक्या माणसांच्या कचऱ्यात मी माझं घर शोधतेय, याला नाव आहे, आणि त्याच्यासाठी डॉक्टर असतात.

तरी त्या आठवड्यात मी रस्ता ओलांडताना दोनदोनदा बघत होते. विहिरीच्या काठाशी जाताना रहाटाचा खांब धरत होते. छातीत जरा कळ आली तरी बसून राहायची. शुभी शाळेतून आली की तिला उगाचच जवळ घ्यायची, आणि ती "सोड गो, आये" म्हणत पळायची.

६

एका शुक्रवारी एजंट सांगत आला की भायलीचा निकाल लागला, उद्या निघणार. जाण्यापूर्वी तिच्या तळच्या टाक्या रिकाम्या झाल्यात हे बंदरातर्फे कुणीतरी वर चढून बघायला हवं. एरवी एजंटचा माणूस जायचा. मी म्हणाले, मी जाते.

सदानंदला संध्याकाळी सांगितलं. तो वह्या तपासत होता. त्यानं पेन खाली ठेवलं.

"जाऊ नकोस."

"का? तूच म्हणालास ना, गिरणी हजारो वार काढते?"

"म्हणालो. तरी जाऊ नकोस."

"ती उद्या गेली ना, सदानंद, की मला कधीच कळणार नाही. मग मी जन्मभर विहिरीशी खांब धरून चालत राहीन. वर चार बनियन घातलेले खलाशी आणि एक गोव्याचा कुक दिसला की मी मोकळी."

 सकाळी निघताना तो दारापर्यंत आला. "लवकर ये," म्हणाला. शनिवार होता. त्याला शाळेत दिवसभर परीक्षेचं काम होतं. शुभीची शाळा सकाळची, ती अकरापर्यंत घरी येऊन माईंपाशी राहणार होती.

आम्ही भायलीला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जवळून ती फार उंच वाटत होती. तिच्या अंगावरून गंजाचे ओघळ पाण्यापर्यंत आले होते. शिडी खाली सोडलेली होती. भिकाजीनं हाक मारली. पुन्हा मारली. वरून काही उत्तर आलं नाही.

"मी येव काय, बाईनू?"

"लाँच कोण धरणार? मी लगेच येते."

डेकवर कुणी नव्हतं. रंगाचे डबे, दोर, वाळत घातलेला एक पंचा. कुठंतरी खाली यंत्र चालू होतं, त्याची धडधड तळव्यांना लागत होती. म्हणजे माणसं होती. जेवायला बसली असतील. मी मोठ्यानं इंग्रजीत विचारलं, कोणी आहे का. मग उघड्या लोखंडी दारातून आत शिरले आणि जिना उतरले.

खाली एक अरुंद बोळ होता. दोन्ही बाजूंना बंद दारं, छताला जाळीत बसवलेले दिवे. डिझेलचा वास. मी चालत गेले. चालता चालता डिझेलचा वास कमी झाला आणि दुसरा यायला लागला. खोबरेल तेलात लसूण पडला की येतो तो. मला वाटलं, बरं झालं, स्वयंपाकघर सापडलं. गोव्याचा कुक. मी जरा भरभर निघाले.

बोळाच्या टोकाला दाराऐवजी पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर राहिलेला. त्या फटीतून उजेड येत होता. दिव्याचा नव्हता. जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता, त्यात धुळीचे कण फिरत होते. कौलात काच बसवलेली असली की दुपारी घरात पडतो तसा.

मी जहाजाच्या पोटात होते. माझ्या डोक्यावर दोन मजले लोखंड होतं.

चौकोनाशेजारी मुलीचे पाय दिसत होते. मांडी घालून बसलेली असावी. लांब पाय, घोट्यांशी हाडं वर आलेली, वाढत्या वयातली. तिच्यामागे पुरुषाचे गुडघे, धोतरातले. एक हात मधेच खाली आला, जमिनीवरची फणी चाचपून उचलली. म्हातारा होत चाललेला हात. अंगठ्याला दोऱ्यानं कापल्याच्या जुन्या रेघा.

"बाबा," मुलगी म्हणाली. "भायर कोण तरी आसा."

"वारो असतलो," पुरुष म्हणाला. "मान सरळ धर."

तो आवाज मी ओळखला. दमलेला होता, पण मी ओळखला.

"वारो नाय." पाय हलले. ती वळली असावी. मग तिनं अगदी हळू, खात्री नसल्यासारखं म्हटलं, "आये?"

माझ्या तोंडात ओ आली. दातांपर्यंत आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला माहीत नाही का. मला एवढंच कळलं की ओ दिली तर मला पडदा बाजूला करावा लागेल, आणि पडदा बाजूला केला की मागचा बोळ तिथं उरणार नाही.

पाय उभे राहिले. उन्हाच्या चौकोनात आले.

"आये गो!"

मी पळाले. बोळातून, जिन्यावरून, गुडघा आपटला तरी थांबले नाही. मागून हाक येतच होती. रागानं नव्हे. देवळात चुकलेलं मूल मारतं तशी, एकामागून एक, श्वास न घेता. शिडी मी कशी उतरले ते आठवत नाही. भिकाजीनं मला धरून लाँचमध्ये घेतलं.

"काय झाला, बाईनू?"

"चल," मी म्हणाले. "लाँच काढ."

हाक मला अजून ऐकू येत होती. लाँच वळली, मधे पाणी आलं, तरी येत होती. आणि मग ती एकाएकी थांबली. दमून थांबली नाही, कुणी तोंड दाबलं असंही वाटलं नाही. ओ मिळाल्यावर मूल थांबतं तशी थांबली.

"तुला ऐकू आलं?" मी भिकाजीला विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "काय नाय आयकाक येवक. पण फोडणीचो वास इलो, खरा सांगतंय." मग जरा वेळानं म्हणाला, "बसा थंयसर."

आम्ही धक्क्याला लागेपर्यंत भायलीनं नांगर उचलायला घेतला होता. साखळीचा खडखडाट खाडीपर्यंत येत होता. मी तपासणीच्या कागदावर सही केली. टाक्या रिकाम्या आहेत, असं लिहिलं. शेडमध्ये सुगंधानं पाणी दिलं, ते प्यायले. 

७

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. माई पायरीवर बसून चिंच कुटत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"काय गो, परत इलंस?"

"परत म्हणजे?"

"मगाशी जेवणवेळेक नाय इलंस? आज लवकर कशी म्हणान विचारलंय, तर काय बोलूक नाय. पेज वाढू म्हटलंय, तर मान हलवलंस. माझ्या तोंडाकडे बघीत रवलंस, जसा काय मी खंयच्या गावाक जावन इलंय. आणि मगे चेडवाक घेवन मागल्या दारी बसलंस."

माईंना दुपारी पान खाल्लं की डुलकी लागते. वय झालंय. शेजारची सावित्रीकाकी आली असेल, आणि झोपेच्या भरात त्यांना मी वाटले असेन. आम्ही दोघी दिसतोही सारख्या, निदान पाठीमागून. हे सगळं मी उंबऱ्यात उभी राहून माझ्या मनाशी म्हटलं, एकेक शब्द नीट. मग मागल्या दारी गेले.

शुभी जास्वंदीपाशी एकटीच खेळत होती. तिच्या डाव्या बाजूला वेणी घातलेली होती. इवल्याशा केसांची, पण फार जपून, एकही केस सुटू न देता घातलेली. मी तशी कधीच घालत नाही. सकाळच्या घाईत मला तेवढा वेळ नसतो. उजव्या बाजूचे केस मोकळे होते.

मी तिच्यासमोर बसले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे करून माझ्या गालाला लावला.

"आता रडणंस नाय?"

"मी कधी रडले गो?"

"दुपारी. केस विंचरताना रडत होतंस." ती सांगायला लागली, मोठ्या माणसांना समजावतात तशी. "म्हटलंस, केवढे गो लांब झाले केस. माझे खंय लांब आसत? मी हसलंय तर तू पण हसलंस. तुझी फणी लागाक नाय आज. हळूहळू विंचरलंस."

"मग?"

"मगे एक वेणी घातलंस."

"आणि दुसरी? दुसरी का नाही घातली, शुभी?"

ती क्षणभर आठवत राहिली.

"तू एकदम गप झालंस. माका म्हटलंस, कोण हाक मारता गो? मी म्हटलंय, कोण नाय. पण तू आयकत रवलंस, अशी मान करून. आणि मगे माझे केस तसेच सोडलंस, उठलंस, आणि 'इलंय गो बाय, इलंय' करीत धावत गेलंस."